३०० चौरस फुटांच्या घरात चार माणसांसाठी फर्निचर कसे निवडावे?

परळची_सून :

सर्वांना नमस्कार.

परळमधील आमची उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) चाळ पुनर्विकासाला गेली होती. साडेचार वर्षे भाड्याच्या घरात काढल्यानंतर पुढील महिन्यात आम्हांला नवव्या मजल्यावरील घराची किल्ली मिळणार आहे. कागदावर चटई क्षेत्र ३०० चौरस फूट आहे. बाहेरची खोली १० फूट रुंद व १४ फूट लांब, स्वयंपाकघर साडेसात फूट बाय ९ फूट आणि बाकी न्हाणीघर, शौचालय व चिंचोळी येण्याजाण्याची जागा. चाळीतल्या १४० चौरस फुटांच्या खोलीच्या मानाने हे घर आम्हांला ऐसपैस वाटले होते, पण फर्निचरच्या दुकानांतून हिंडू लागल्यापासून ते रोज थोडे थोडे आक्रसत चालले आहे.

घरात माणसे चार. सासूबाई ७२ वर्षांच्या असून त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात, त्यामुळे जमिनीवर बसणे आणि झोपणे डॉक्टरांनी बंद केले आहे. यजमान पाळ्यांमध्ये काम करतात. दर तिसऱ्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी असते आणि तेव्हा ते सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत झोपतात. मुलगा नववीत आहे, म्हणजे पुढल्या वर्षी दहावी. शिवाय आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो आणि त्या दिवसांत गावाहून दीर-जाऊ व त्यांची मुले येतात.

सध्या तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. पहिला, भिंतीत उभा मिटणारा डबल पलंग, ज्याच्या पुढे दिवसा सोफा राहतो. त्याची किंमत ८५ हजार रुपये सांगितली आहे. दुसरा, सोफा-कम-बेड, ३२ हजार रुपये. तिसरा, सुताराकडून खाली सामान ठेवता येईल असे दोन दिवाण करून घेणे. माझा कल पहिल्याकडे आहे, कारण दुकानात तो उघडून दाखवला तेव्हा खोली क्षणात मोकळी झाली. यजमान मात्र माझ्या सासऱ्यांच्या वेळची साडेतीन फूट रुंदीची सागवानी खाट आणि आमचे जुने लोखंडी कपाट टाकायला तयार नाहीत. ही दोन्ही धुडे ठेवून नवे काही बसेल का, आणि तयार फर्निचर घ्यावे की सुतार बसवावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.


सुतारपक्षी :

ताई, नमस्कार. गेली बावीस वर्षे मी फर्निचरचे काम करतो आणि त्यांतील बहुतेक कामे लालबागपासून घाटकोपरपर्यंतच्या एक-दोन खोल्यांच्या घरांतील आहेत. आपण पलंगापासून सुरुवात केलीत. मी भिंतीपासून करतो, कारण भिंतीत मिटणारा पलंग खऱ्या अर्थाने भिंतीलाच धरून उभा असतो. नव्या इमारतींत साधारण दोन प्रकारच्या भिंती आढळतात. एक म्हणजे हलक्या ठोकळ्यांची, जिला कारागीर सिपोरेक्सची भिंत म्हणतात. तिच्यात प्लास्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू मारला, तर रोजच्या ओढीने आतला भुगा होऊन तो सैल पडतो. अशा ठिकाणी केमिकल अँकर किंवा भिंतीच्या आरपार जाणारे बोल्ट घ्यावे लागतात. दुसरी म्हणजे मायवान पद्धतीची, संपूर्ण काँक्रीटची. ती पकड उत्तम देते, पण तिच्यात खाचा मारता येत नाहीत आणि विजेच्या नळ्या आतूनच गेलेल्या असल्याने वाटेल तेथे ड्रिल चालवणे धोक्याचे असते. ताबा घेताना साइटवरच्या इंजिनिअरला एवढे एक विचारून घ्या. पुढचे बरेच निर्णय त्या उत्तरावर ठरतील.

आता आपल्या मोजमापाकडे येतो. उभा मिटणारा पलंग उघडला की चौकटीसकट भिंतीपासून सुमारे सात फूट पुढे येतो. खोलीची रुंदी दहा फूट आहे, म्हणजे समोर तीन फूट उरले. त्यात मुलाचे दीड फुटी टेबल ठेवले की उरला दीड फूट, आणि तेवढ्यातून सासूबाईंनी रात्री न्हाणीघराकडे जायचे आहे. त्याहून मोठी अडचण यजमानांच्या रात्रपाळीची आहे. दर तिसऱ्या आठवड्यात तो पलंग सकाळी नऊ ते तीन उघडाच राहणार असेल, तर मिटण्यासाठी मोजलेले पैसे कशासाठी मोजले? दुकानात पलंग उघडून दाखवणाऱ्या माणसाला त्यावरच्या चादरी, चार उशा आणि सोफ्यावर वाळत टाकलेले टॉवेल आधी उचलावे लागत नाहीत. ताई, आपल्याला ते दिवसातून दोनदा करायचे आहे.

म्हणून माझे मत दिवाणांकडे झुकते. १४ फुटी भिंतीला तीन फूट रुंद व सव्वासहा फूट लांब असे दोन दिवाण एका रेषेत लावले की साडेबारा फूट जातात, दीड फूट दाराजवळ मोकळा राहतो आणि समोर सात फुटांची सलग जागा मिळते. त्यांपैकी एका दिवाणाच्या पोटात चाकांवरचा, खालून ओढून काढायचा पलंग करून घ्यावा. रात्री तो बाहेर काढला तरी पुढे चार फूट शिल्लक राहतात. त्यांतून टेबलाचा दीड फूट वजा केला, तरी माणूस सरळ चालू शकतो. दिवसा यजमान वरच्या दिवाणावर झोपले तरी घराचा व्यवहार अडत नाही. मुलाची गादी मात्र रात्री जमिनीवर घालावी लागेल. चौथा पलंग या खोलीत मावत नाही आणि तो मावतो असे जो सांगेल त्याच्याकडून कागदावर आकृती काढून घ्या.

सुतार की तयार माल, याचे उत्तर मी सुतार असल्याने एकतर्फी वाटू शकेल, तरी सांगतो. स्वस्त तयार फर्निचर बहुधा पार्टिकल बोर्डचे असते. ते एकदा जोडून जागेवर राहिले तर चालते, पण उघडून पुन्हा जोडले की स्क्रूची भोके धरत नाहीत, आणि जिथे कडेची पट्टी नीट चिकटवलेली नसते तिथे मुंबईच्या पावसाळ्यात ते पावासारखे फुगते. सुताराकडून करून घेणार असाल, तर खोक्याच्या बाजूंना १८ किंवा १९ मिलिमीटरचे प्लाय घ्या, पाठीला ६ मिलिमीटर पुरते. साध्या एमआर (फक्त ओलावा सोसणाऱ्या) दर्जाऐवजी बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारे) मागा. स्वयंपाकघरात सिंकखाली आयएस ७१० म्हणजे मरीन प्लायच घ्या. प्लायच्या आठ बाय चार फुटांच्या प्रत्येक तावावर शिक्का असतो. कापायच्या आधी तो स्वतः पाहा, कापल्यानंतर शिक्का कोणत्या फळीच्या आत गेला ते कोणी सांगत नाही. दिवाण थेट लादीवर टेकवू नका, चार इंची पाय ठेवा, म्हणजे खालून फडके फिरते. आणि पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीला एक पावसाळा जाईपर्यंत काहीही कायमचे चिकटवू नका. नवा गिलावा आतून बराच काळ ओला असतो.

लोखंडी कपाट टाकू नका. त्याची खोली सुमारे १९ इंच असते, तर हँगरसाठी केलेले प्लायचे वॉर्डरोब २४ इंच खोल लागते. लहान खोलीत ते पाच इंच म्हणजे चालण्याची वाट असते.

एक शेवटचे. ३०० चौरस फुटांचे चटई क्षेत्र म्हणजे ३०० फूट लादी नव्हे. २०१६ च्या रेरा कायद्यातील व्याख्येनुसार त्यात घराच्या आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते. त्यामुळे नकाशावरून काही मागवू नका. किल्ली मिळाल्यावर टेपने मोजा, तेही तळाशी आणि कंबरेच्या उंचीवर असे दोनदा, कारण गिलाव्यात अर्धा-पाऊण इंचाचा फरक सहज निघतो.


डोंबिवलीचे_आजोबा :

सुतारपक्षी यांनी मापे चोख मांडली आहेत. मी सासूबाईंच्या वतीने लिहितो, कारण माझे गुडघे त्यांच्याच गटातले आहेत.

आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी सोफा-कम-बेड आला. ज्या दुकानातून आणला तेथे तो एका हाताने उघडत होता. घरी आल्यावर पहिला महिना रोज उघडला गेला, दुसऱ्या महिन्यात शनिवार-रविवारी, आणि त्यानंतर आम्ही उभयता त्यावर तसेच आडवे होऊ लागलो, पाठीखाली मधली फट घेऊन. उघडताना चादरीचा कोपरा लोखंडी सांध्यात अडकत असे. तो सोडवायला वाकावे लागे, आणि वाकणे हेच तर टाळायचे होते. आता तो कायमचा सोफा आहे आणि आम्ही रात्री शेजारच्या खाटेवर झोपतो. ज्या वस्तूचे रूप रोज बदलावे लागते ती घरातील सर्वांत अशक्त माणसाला एकट्याने बदलता येते का, हे पाहूनच घ्यावी. आपल्या घरात दुपारी सासूबाई एकट्या असताना त्यांना आडवे व्हावेसे वाटले, तर त्यांनी कोणाची वाट पाहायची?

दुसरी गोष्ट उंचीची. हल्लीचे सोफे दिसायला बुटके आणि बसायला खोल असतात. माझ्यासारखा माणूस त्यावर बसला की गुडघे कमरेच्या वर येतात. उठताना आधी पुढे सरकावे लागते, मग दोन्ही तळवे मांड्यांवर दाबून झोका घ्यावा लागतो, आणि पहिला झोका बहुधा फुकट जातो. जमिनीपासून गादीच्या वरच्या कडेपर्यंत १८ ते १९ इंच उंची असली, तर पाय जमिनीवर सपाट टेकतात आणि उठणे एका हालचालीत होते. ही उंची गादी दाबली गेल्यावरची मोजावी. सुताराला नुसते "१८ इंच करा" म्हटले की तो लाकूड १८ इंच करतो, वर पाच इंचांची गादी येते आणि म्हातारे माणूस बाकावर बसलेल्या पोरासारखे पाय हलवत राहते.

एका मुद्द्यावर मात्र सावध करतो. दिवाणाच्या पोटात सामान ठेवायचे असेल, तर वरची फळी उचलायची रचना सासूबाईंच्या बाजूला नको. त्यासाठी गादी आणि अंथरूण हलवावे लागते. हायड्रॉलिक पंप लावले तरी ते ठरावीक वजनासाठी असतात. फोमच्या गादीचा हिशेब करून बसवलेल्या पंपांवर कापसाची जड गादी घातली तर फळी वर येताना कुंथते, आणि जड गादीसाठी बसवलेल्यांवर हलकी गादी घातली तर ती नीट खाली बसत नाही. तेथे समोरून ओढायचे खण करावेत.

गणपतीबद्दल एक सुचवतो. मुलाचे अभ्यासाचे टेबल भक्कम आणि कायमचे करा. पाच दिवस त्यावरची पुस्तके उचलली की तेच मखराचे आसन होते. आमच्या नातवाने या व्यवस्थेला कधीच विरोध केलेला नाही.


एकटा_जीव_पिंपरी :

दोन्ही ज्येष्ठांचा मान राखून दुसरी बाजू मांडतो. मी २६० चौरस फुटांत एकटा राहतो आणि भिंतीत मिटणारा पलंग तीन वर्षे वापरतो आहे. रोज सकाळी तो मिटतो, त्या जागी टेबल येते आणि मी घरून काम करतो. मला त्याचा एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. तेव्हा ती वस्तू वाईट नाही. मात्र माझ्या घरात उठणारा एकच आणि झोपणाराही एकच आहे, हे मान्य करावे लागेल.

सुतारपक्षींना एक विचारायचे आहे. आडवा मिटणारा सिंगल पलंग ताईंच्या मुलासाठी चालणार नाही का? तो तर तीनच फूट पुढे येतो.


सुतारपक्षी :

चालेल, आणि प्रश्न योग्य आहे. त्याला लांबीत साडेसहा फूट भिंत हवी. ताईंच्या खोलीत एक लांब भिंत दिवाणांनी घेतली. समोरच्या भिंतीवर कपाटाचे तीन फूट आणि टेबलाचे साडेतीन-चार फूट गेल्यावर जागा उरते ती साधारण सात फूट, आणि त्यातूनच स्वयंपाकघराचे दार निघत असणार. दाराची जागा कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. शिवाय दहावीच्या वर्षात मुलगा रात्री बारापर्यंत दिवा लावून बसणार. त्याची गादी स्वयंपाकघरात घातलेली इतरांच्या झोपेसाठीही बरी.

आजोबांचा खणांचा मुद्दा मान्य. खण करताना एवढे पाहा की टेलिस्कोपिक चॅनेल (ज्या पट्ट्यांवर खण सरकतो ते) वजन पेलणारे घ्यावे आणि खण पूर्ण बाहेर येण्याइतकी मोकळी जागा पुढे असावी. पुढे टीपॉय ठेवला की खण अर्धाच उघडतो, आणि मागच्या अर्ध्यात काय आहे ते दिवाळीलाच कळते.

अभ्यासाचे टेबल मिटणारे करू नका या मताशी मी पूर्ण सहमत आहे. मिटवायचे असेल तर जेवणाचे मिटवा. स्वयंपाकघराच्या भिंतीला अडीच फूट बाय दीड फुटाची फळी, जमिनीपासून ३० इंचांवर, खाली मिटणाऱ्या दोन लोखंडी ब्रॅकेटवर. सासूबाई खुर्चीवर बसून जेवतील, बाकीचे पूर्वीप्रमाणे पाटावर.


लिफ्टमध्ये_अडकलेली :

फक्त एक अनुभव. आमचा तीन आसनी सोफा लिफ्टमध्ये मावला नाही, म्हणून जिन्याने चढवला. पाचव्या मजल्याच्या वळणावर तो असा अडकला की दोन तास इमारतीतील कोणालाही वर-खाली जाता आले नाही. शेवटी पाय सोडवून, कापड फाडून तो परत खाली नेला. काहीही घेण्यापूर्वी लिफ्टच्या दाराची रुंदी, आतली उंची आणि जिन्याच्या वळणावरील जागा मोजावी. प्लायचा आठ फुटी ताव साध्या लिफ्टमध्ये जात नाही. नऊ मजले हमाली किती पडेल, हे सुताराशी आधी बोलून घ्यावे.


परळची_सून :

सर्वांचे मनापासून आभार. वेळ काढून एवढे सविस्तर कोणी लिहील, असे वाटले नव्हते.

काल संध्याकाळी आम्ही भाड्याच्या घरातच लादीवर खडूने दहा बाय चौदाची खोली आखली. तेवढी मोकळी जागा येथे नाही, म्हणून निम्मी खोली बाहेरच्या पडवीत गेली आणि शेजारीणबाई चौकशीला आल्या. मिटणाऱ्या पलंगाच्या जागी सात फूट वर्तमानपत्रे पसरली, टेबलाच्या जागी पाट ठेवला आणि सासूबाईंना मधून चालायला सांगितले. त्या वर्तमानपत्रापर्यंत आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "रात्री हे दिसणार कसं?" त्यामुळे ८५ हजारांचा पलंग रद्द.

आजोबांचे वाचून मी यजमानांची ती खाटही मोजली. लाकडी चौकटीची उंची १५ इंच आहे. वर चार इंचांची गादी घातली आणि सासूबाईंना बसवले; त्या हात न टेकता उठल्या. खाली बारा इंच मोकळे आहेत, म्हणजे आमच्या दोन्ही पत्र्याच्या ट्रंका सरळ आत जातात. रुंदी साडेतीन फूट असल्याने अर्धा फूट जास्त जाईल, पण एका दिवाणाचा खर्च वाचतो. आता एकच दिवाण, खालून ओढायच्या पलंगासह, सुताराकडून करून घ्यावा असे ठरते आहे. मात्र खाटेची नवार जागोजागी सैल झाली आहे आणि एक कोपरा कुरकुरतो. ती दुरुस्त होईल का?


सुतारपक्षी :

ताई, खाटेचा उल्लेख आपल्या पहिल्याच पत्रात होता आणि माझी त्यावर नजर गेली नाही, याची मला जरा लाज वाटते.

नवार काढून गुंडाळून ठेवा. तिच्या जागी चौकटीच्या आतून दोन आडव्या पट्ट्या देऊन वर १२ मिलिमीटरचे प्लाय बसवा. त्याला वीतभर अंतरावर एक इंचाची भोके पाडून घ्या, म्हणजे पावसाळ्यात गादीला खालून हवा लागेल. प्लाय चौकटीच्या वर न बसवता खाचेत बसवायला सांगा, नाहीतर उंची वाढेल आणि आजोबा म्हणतात तसे पाय लोंबकळतील. कुरकुरणारा कोपरा बहुधा खुंटी झिजल्याने बोलतो. तेथे खिळा ठोकू देऊ नका; जुन्या सागवानाला खिळ्याने चीर जाते. खुंटी काढून सागवानाचीच नवी, किंचित जाड, घासून बसवली की पुरे.

आणि सर्वांत आधी, नव्या घरात नेण्यापूर्वी, खाट गच्चीवर न्या, चारही सांधे मोकळे करा आणि त्यांत उकळते पाणी सोडून दोन दिवस कडक उन्हात ठेवा. भाड्याच्या घरातून ढेकूण बरोबर आले, तर ते नव्या दिवाणाच्या खोक्यात राहायला जातील आणि तेथून त्यांना काढणे खाटेइतके सोपे नाही. किल्ली मिळाली की भिंत कोणती निघाली आणि स्वयंपाकघराचे दार नेमके कुठे आहे, तेवढे येथे कळवा. मग मुलाच्या पलंगाचे पुन्हा पाहू.